दुखत नाही म्हणून दुर्लक्ष नको: मधुमेहात पाय कसे सांभाळावेत

मधुमेह असलेल्या माणसाच्या तळव्यावर जखम दिसली आणि विचारलं, ही कधीपासूनची, तर उत्तर बहुतेक वेळा एकच असतं: "दुखत नव्हतं ना, म्हणून लक्षच गेलं नाही." या लेखातली प्रत्येक सूचना याच वाक्यासाठी आहे. पाय कापावा लागण्याची सुरुवात सहसा मोठ्या अपघाताने होत नाही. नव्या चपलेचा पट्टा लागतो, खिळा टोचतो, तापलेल्या फरशीवर तळवा भाजतो, बोटांच्या बेचकीत चिखल्या होतात. मधुमेहामुळे पाय किंवा बोट गमावलेल्या दहांपैकी साधारण आठ जणांना आधी पायावर अशीच एखादी जखम झालेली असते. म्हणजे वाटेत थांबायला जागा असते, आणि ती जागा बहुतेक वेळा घरातल्याच माणसांच्या हातात असते.

पायात नेमकं काय बिघडतं

कण्यातून निघून पायाच्या बोटांपर्यंत जाणारे मज्जातंतू शरीरातले सर्वांत लांब, जवळपास एक मीटरचे. रक्तातली साखर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की त्यांना इजा होते. नळाच्या लाइनवरच्या शेवटच्या घराला पाणी आधी कमी पडतं, तशी ही इजा आधी बोटांच्या टोकांना दिसते आणि मग तळवा, घोटा, पोटरी अशी वर सरकते.

हे तंतू तीन कामं करतात आणि तिन्ही बिघडतात. पहिलं काम संवेदनेचं. सुरुवातीला मुंग्या येतात, रात्री तळव्यांची आग होते, गादीवर चालल्यासारखं वाटतं. नंतर स्पर्श, टोचणं, भाजणं कळेनासं होतं. चालताना पायातून चप्पल निसटली आणि चार पावलं पुढे गेल्यावर लक्षात आलं, तर ती विसरभोळेपणाची खूण समजू नका, पाय तपासून घ्या. इथे एक गैरसमज फार नुकसान करतो. पायाची आग होते म्हणजे संवेदना शाबूत आहे, असं लोकांना वाटतं. तसं नसतं. इजा झालेला तंतू आतून आगीचे संदेश पाठवत राहतो आणि त्याच वेळी बाहेरून टोचलेला खिळा त्याला कळत नाही. आग आणि बधिरपणा एकाच पायात असू शकतात.

दुसरं काम स्नायूंचं. पावलातले छोटे स्नायू दुबळे झाले की बोटं आखडून वर उचलली जातात आणि चवड्याखालची मऊ गादी पुढे सरकते. हाडांची टोकं मग थेट जमिनीवर दाबली जातात. त्या दाबाला उत्तर म्हणून कातडी जाड होते आणि घट्टा पडतो. हा घट्टा कडक असल्यामुळे तो स्वतःच आणखी दाब निर्माण करतो. त्याच्याखाली रक्त साचतं, वरून फक्त तपकिरी किंवा काळसर डाग दिसतो आणि आत जखम तयार झालेली असते. त्यामुळे मधुमेहातला घट्टा म्हणजे राठ कातडी एवढंच समजून चालत नाही. पुढची जखम कुठे होणार, ती जागा तो दाखवत असतो.

तिसरं काम घामाचं. पायाला घाम येणं थांबतं, कातडी कोरडी पडते, टाचांना भेगा पडतात आणि त्या भेगांतून जंतू आत शिरतात.

याशिवाय पायाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या अरुंद होतात. थोडं चालल्यावर पोटरीत गोळे येणं आणि थांबल्यावर बरं वाटणं ही त्याची ओळखीची खूण. पण ज्याला दुखणंच कळत नाही त्याला हीही खूण मिळत नाही. पाय गार लागणं, नडगीवरचे केस जाणं, कातडी तकतकीत आणि पातळ होणं, नखं जाड होणं यांवरून शंका घ्यावी. तंबाखूने हे झपाट्याने वाढतं, आणि त्यात विडी-सिगारेटबरोबर मशेरी आणि गुटखाही आला. वाढलेल्या साखरेत पांढऱ्या पेशी जंतूंशी नीट लढू शकत नाहीत, त्यामुळे लहान जखमही वेगाने चिघळते.

न दुखणाऱ्या पायाचं काय होतं, हे वैद्यकाला बरंचसं कुष्ठरोगाच्या कामातून कळलं. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. पॉल ब्रँड यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून कुष्ठरुग्णांच्या हातापायांवर काम केलं. बोटं रोगामुळे आपोआप झडतात ही समजूत त्यांनी खोडून काढली. संवेदना गेलेल्या जागी रोज होणारा दाब, भाजणं, टोचणं यांनी पाय झिजतो, हे त्यांनी दाखवलं. निरोगी माणूस बूट चावायला लागला की नकळत चाल बदलतो, भार दुसरीकडे टाकतो, शेवटी बूट काढतो. बधिर पायाचा माणूस त्याच जागेवर त्याच जोराने दिवसभर चालत राहतो. मऊ तळाची खास चप्पल आणि जखमेवरचा भार काढणारं प्लास्टर या दोन्ही गोष्टी मधुमेहाच्या उपचारात आज महत्त्वाच्या आहेत, आणि दोन्ही आधी कुष्ठरोगाच्या उपचारात रुळल्या होत्या.

घरी करायची स्पर्शाची चाचणी

यासाठी कोणतंही यंत्र लागत नाही, दुसरं माणूस मात्र लागतं. ज्याची तपासणी करायची त्याने मोजे काढून पलंगावर आडवं व्हावं आणि डोळे मिटावेत. दुसऱ्याने आपल्या हाताच्या तर्जनीचं टोक पायाच्या बोटाच्या टोकाला अगदी हलकेच एक ते दोन सेकंद टेकवावं. दाबायचं नाही, टिचकी मारायची नाही, घासायचं नाही. क्रम असा: उजवा अंगठा, उजवी करंगळी, डावा अंगठा, डावी करंगळी, उजव्या पायाचं मधलं बोट, डाव्या पायाचं मधलं बोट. स्पर्श कळला की त्याने "उजवा" किंवा "डावा" म्हणायचं. एखाद्या ठिकाणी उत्तर आलं नाही तर पुन्हा प्रयत्न करायचा नाही, न कळलं असंच धरायचं. सहापैकी दोन किंवा अधिक ठिकाणी कळलं नाही तर संवेदना कमी झाली आहे असं समजा आणि डॉक्टरांना दाखवा.

दवाखान्यात हीच गोष्ट मोनोफिलामेंट नावाच्या नायलॉनच्या तंतूने तपासतात. तो टेकवल्यावर १० ग्रॅम जोराला वाकतो. तो वाकूनही स्पर्श कळला नाही, तर पायाला संरक्षण देणारी संवेदना गेली असं धरतात. सोबत १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क अंगठ्याच्या हाडावर ठेवून कंप कळतो का हे पाहतात. मेटफॉर्मिनची गोळी बरीच वर्षं चालू असेल तर बी-१२ ची पातळीही तपासून घ्यावी, विशेषतः शाकाहारी माणसांनी. बी-१२ कमी पडल्यानेही असाच बधिरपणा येतो, आणि तो भाग औषधाने सुधारू शकतो.

रोजची दोन मिनिटं

रात्री झोपण्यापूर्वी, चांगल्या उजेडात, दोन्ही पाय बघायचे. तळवा, टाच, बोटांची टोकं, नखांच्या कडा आणि प्रत्येक बेचकी उघडून. लालसरपणा, फोड, चीर, पांढरी पडलेली भिजकी कातडी, घट्ट्यातला काळा ठिपका, मोज्यावर रक्ताचा किंवा पुवाचा डाग यातलं काही आहे का ते पाहा. मग हाताची मागची बाजू दोन्ही पायांच्या त्याच त्याच जागी लावून बघा. एक पाय दुसऱ्यापेक्षा स्पष्ट गरम लागत असेल तर आत काहीतरी चाललं आहे. मोजून पाहिलं तर २.२ अंश सेल्सिअसपेक्षा जास्त फरक धोक्याचा मानतात.

वाकता येत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवा किंवा मोबाइलने तळव्याचा फोटो काढा. दर आठवड्याचा फोटो जपून ठेवला तर आधीच्याशी ताडून पाहता येतं आणि डॉक्टरांनाही दाखवता येतो. मधुमेहाने ज्यांचे पाय बधिर होतात त्यांची नजरही अनेकदा अधू झालेली असते, त्यामुळे त्यांनी स्वतः पाहून भागत नाही. आई-वडिलांचे, सासू-सासऱ्यांचे पाय बघायला घरच्यांना संकोच वाटतो, आणि पाय पुढे करायला त्यांनाही संकोच वाटतो. हा संकोच मोडायलाच हवा. नातवंडाला हे काम दिलं तरी चालेल, त्यांची नजर चांगली असते.

पाय धुवायचं पाणी ३७ अंशांपेक्षा गरम नको. पाण्याचा अंदाज पायाने कधीही घेऊ नका, कोपर बुडवून घ्या किंवा घरातल्या दुसऱ्याला हात घालायला सांगा. गरम पाण्यात मीठ घालून पाय बुडवून बसणं हा घरोघरचा थकव्यावरचा उपाय आहे, पण बधिर पायाला तो भाजतो आणि कातडी भिजून कमकुवत होते. हॉट वॉटर बॅग, विटेचा शेक, इलेक्ट्रिक हीटर हेही तसंच. धुतल्यावर पाय टिपून घ्या, बेचक्या जुन्या सुती कापडाने कोरड्या करा. टाचेला आणि तळव्याला खोबरेल तेल, पेट्रोलियम जेली किंवा १० ते २५ टक्के युरिया असलेलं क्रीम लावा. बेचक्यांत मात्र काहीही लावू नका, तिथला ओलावा चिखल्यांना बोलावतो.

नखं सरळ रेषेत कापा, कोपरे आत कोरू नका, कडा कानशीने घासा. नखं जाड झाली असतील किंवा नीट दिसत नसेल तर हे काम स्वतः करू नका. घट्टा, कुरूप, भोवरी ब्लेडने कापणं आणि धातूच्या वजरीने खसाखसा घासणं बंद करा. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या कुरुपाच्या पट्ट्यांत आम्ल असतं. ते घट्ट्याबरोबर शेजारची चांगली कातडीही जाळतं आणि जळाल्याचं कळत नाही. घट्टा प्रशिक्षित हातांकडूनच काढून घ्यावा, आणि चपलेतला दाब तसाच राहिला तर काही आठवड्यांत तो परत येणार हे धरून चालावं.

जोडव्यांबद्दल स्पष्ट लिहायला हवं, कारण दवाखान्यात हा विषय टाळला जातो. पायाला सूज आली की घट्ट जोडवं बोटात रुततं, खाली ओल साचते, आणि कातडी कापली गेल्याचं अनेक दिवस कळत नाही. पाय बधिर असतील तर जोडवी काढून ठेवणं उत्तम. मन मानत नसेल तर उघड्या तोंडाची, सैल, गुळगुळीत जोडवी घाला आणि रात्री काढून खालची कातडी बघा.

मांडी घालून बसणाऱ्यांनी घोट्याची बाहेरची बाजू रोज तपासावी. पूजा, भजन, पंगत किंवा जमिनीवर बसून करायचं काम, यांत तासन्‌तास तिथलं हाड फरशीवर टेकतं. कातडी काळी आणि जाड होते, आणि पुढे तिथेच खोल जखम होते. बसायला जाड घडी घ्या, दर पंधरा-वीस मिनिटांनी बैठक बदला, जमेल तिथे खुर्ची वापरा.

चप्पल आणि बूट

बधिर पायाच्या माणसाला नेहमीच्या मापाचा बूट सैल वाटतो, कारण तो पायाला लागलेला त्याला कळत नाही. घट्ट बूटच काय तो थोडा जाणवतो, म्हणून तो नेमका लहान बूट निवडतो. त्यामुळे दुकानात "बसतो का" या प्रश्नाचं उत्तर पायाकडून घेऊ नका, मापाकडून घ्या. संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, कागदावर उभं राहून पेन्सिल सरळ धरून दोन्ही पावलांची आकृती काढा. ती कापून दुकानात न्या आणि बुटाच्या आत सरकवा. कागद कडेला दुमडला तर बूट अरुंद आहे. आतली लांबी सर्वांत लांब बोटापेक्षा एक ते दोन सेंटिमीटर जास्त हवी, आणि बोटांवर इतकी उंची हवी की ती वर घासणार नाहीत. दोन्ही पाय सारखे नसतात, मोठ्या पायाच्या मापाने घ्या.

अंगठ्याची चप्पल टाळा. ती पायात टिकवायला बोटांनी सतत पकड घ्यावी लागते आणि पट्टा पहिल्या बेचकीत घासतो. कडक चामड्याची कोल्हापुरी कितीही देखणी असली तरी बधिर पायासाठी ती नको. मागे पट्टा असलेली, वेल्क्रोने सैल-घट्ट करता येणारी, पुढून रुंद सँडल चांगली. आतला थर मऊ आणि बाहेरचा तळ कडक हवा, म्हणजे खिळा किंवा काच आरपार जात नाही. दुकानांत "एमसीआर चप्पल" म्हणून जी मिळते तिच्यातला एमसीआर म्हणजे सूक्ष्म छिद्रांचं रबर. अंगठ्याने दाबल्यावर ते दबून परत वर यायला हवं. वर्षभर वापरून सपाट झालेली एमसीआर चप्पल दिसायला चांगली असली तरी उपयोगाची राहत नाही, आतला थर बदलून घ्या. चपलेच्या बांधणीत खिळे नसावेत, चिकटवलेली किंवा शिवलेली असावी. बोटं वाकली असतील, आधी जखम होऊन गेली असेल किंवा बोट काढलेलं असेल, तर दुकानातली तयार चप्पल पुरत नाही, पायाचं माप घेऊन बनवून घ्यावी लागते.

नवी जोडी पहिल्या दिवशी अर्धा तास घाला, काढून पाय बघा, मग रोज थोडा वेळ वाढवत न्या. लाल डाग पडून काही मिनिटांत गेला नाही तर ती जोडी नको. घालण्यापूर्वी प्रत्येक वेळी बूट उलटा करून झटका आणि आत हात फिरवा. खडा, सुटलेली शिवण, मुलांचं खेळण्यातलं काहीतरी, असं काहीही आत असू शकतं आणि दिवसभर पायाखाली राहू शकतं. मोजे सुती आणि फिक्या रंगाचे घ्या, म्हणजे डाग दिसेल. त्यांचं इलॅस्टिक पोटरीत रुतू नये, शिवण जाड असेल तर मोजा उलटा घाला.

घरातही अनवाणी फिरू नका. आपल्या घरांत चप्पल दाराबाहेर काढायची पद्धत आहे, म्हणून घरासाठी वेगळी स्वच्छ जोडी ठेवा. पायावरच्या कितीतरी जखमा घरातल्याच असतात: पलंगाच्या पायाला लागलेली ठेच, स्वयंपाकघरात सांडलेलं गरम तेल, शिवणकामाची सुई.

ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांत पुढे पोलादी टोपी असलेले सुरक्षा बूट सक्तीचे असतात. तिथे एक माप मोठा, रुंद बूट मागून घ्या, आत मऊ इनसोल घाला आणि जेवणाच्या सुटीत बूट काढून पाय बघा. वाशीच्या एपीएमसी बाजारात पाठीवर माल वाहणाऱ्या माणसाच्या तळव्यावर त्याच्या स्वतःच्या वजनाबरोबर गोणीचंही वजन येतं. पाय बधिर झाला असेल तर पातळ चपलेवर हे काम धोक्याचं आहे, हे मुकादमालाही सांगायला हवं. रिक्षा, ट्रक चालवणाऱ्यांनी इंजिनची धग पायाला लागत नाही ना ते पाहावं. दुचाकीवर मागे बसणाऱ्यांना सायलेन्सरचा चटका बसतो आणि घरी आल्यावर फोड दिसतो.

पावसाळा, ऊन आणि नवस

जून ते सप्टेंबर हा ठाणे-नवी मुंबईत पायांच्या परीक्षेचा काळ. ठाण्यात वंदना टॉकीजच्या आसपास किंवा सीबीडी बेलापूरच्या सखल भागात पाणी साचलं की त्यातून चालावंच लागतं. त्या पाण्याखाली काय आहे ते दिसत नाही आणि पायालाही कळत नाही. शक्य असेल तर पाणी उतरेपर्यंत थांबा. चालावं लागलंच तर अनवाणी चालू नका, चप्पल हातात घेऊन चालणं सर्वांत वाईट. बॅगेत छोटा नॅपकिन आणि कोरड्या मोज्यांची जोडी ठेवा, कामाच्या ठिकाणी एक कोरडी चप्पल ठेवा. पोहोचल्यावर आधी पाय साबणाने धुवा, बेचक्या कोरड्या करा, पाय नीट पाहा. पायाला जखम असताना साचलेल्या पाण्यातून चाललात तर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना सांगा. लेप्टोची (उंदरांच्या मूत्रातून पाण्यात येणाऱ्या जंतूंमुळे होणाऱ्या तापाची) प्रतिबंधक गोळी द्यायची का, हे तेव्हाच ठरवायचं असतं, ताप आल्यावर नाही. प्लास्टिकच्या पावसाळी चपलांत पाणी साचून राहतं आणि कडा कातडी सोलतात, त्यामुळे मऊ आतला थर आणि पाणी निघून जाणारी सँडल शोधा. चिखल्या झाल्या तर बुरशीवरचं क्रीम डॉक्टरांच्या सल्ल्याने लावा आणि खाज थांबली तरी सांगितलेले दिवस पूर्ण करा. बेचकीतली ती चीर पायात जंतू शिरायचा नेहमीचा दरवाजा आहे.

तळमजल्यावर, चाळीत, गावठाणातल्या घरात राहणाऱ्यांनी उंदरांकडे दुर्लक्ष करू नये. झोपेत बधिर पायाची बोटं उंदराने कुरतडल्याची उदाहरणं भारतातल्या डॉक्टरांनी नोंदवलेली आहेत. जेवण झाल्यावर हात-पाय धुवून, मच्छरदाणी खोचून झोपा.

उन्हाळ्यात देवळाच्या आवारातली दगडी फरशी दुपारी इतकी तापते की निरोगी माणूस पावलं उचलत पळतो. बधिर पायाचा माणूस शांतपणे प्रदक्षिणा पूर्ण करतो आणि संध्याकाळी तळव्याची कातडी फोडासारखी सुटलेली दिसते. दर्शनाला सकाळी लवकर जा, जाड सुती मोजे घाला. अंगारकीला पायी टिटवाळा, चैत्रात पालखीबरोबर कार्ल्याची एकवीरा, नवरात्रात नऊ दिवस अनवाणी, हे नवस इथल्या घराघरांत आहेत आणि ते मनापासून केलेले असतात. पण पायाची संवेदना गेली असेल तर अनवाणी चालायचा नवस बोलू नका, आणि बोललेला असेल तर घरातल्या दुसऱ्या कुणाकडून पूर्ण करून घ्या किंवा दुसऱ्या सेवेत बदलून घ्या. पायी जायचंच असेल तर जुनी, सवयीची सँडल घाला आणि दर तासाला थांबून पाय बघा.

जखम झाली तर

वाहत्या स्वच्छ पाण्याने किंवा औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या सलाइनने धुवा, निर्जंतुक गॉजने झाका, कागदी पट्टी सैल लावा. बोटाभोवती पट्टी गोल आवळू नका, रक्त थांबतं. हळद, चुना, कॉफी पावडर, टूथपेस्ट, राख, स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड यांतलं काही नको. त्यांनी जखम झाकली जाते किंवा जळते आणि डॉक्टरांना तिची खोली कळत नाही. फोड फोडू नका. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते आठवून सांगा. त्या पायावर चालणं थांबवा आणि २४ तासांत डॉक्टरांना दाखवा, जखम कितीही लहान दिसो.

जखमेभोवतीची लाली दोन सेंटिमीटरपेक्षा पुढे पसरली असेल, पू किंवा दुर्गंध असेल, बोट काळं-निळं पडलं असेल, पाय अचानक सुजला असेल, थंडी-ताप असेल, तर २४ तासही थांबू नका, त्याच वेळी रुग्णालय गाठा. ताप नाही म्हणून निश्चिंत होऊ नका, मधुमेहात गंभीर संसर्गातही ताप नसू शकतो. कारण नसताना साखर एकाएकी वाढली, तर तीही संसर्गाची खूण असते. कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय किंवा वाशीचं महापालिकेचं रुग्णालय, जवळ जे असेल तिथे शस्त्रक्रिया विभागात दाखवा. खर्चाची चिंता असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कोणते उपचार बसतात हे योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा.

उपचार नीट चालले आहेत का, हे रुग्णालाही कळायला हवं. जखम फक्त रोज बांधून पाठवत असतील तर ते अपुरं आहे. मेलेली कातडी आणि घट्टा काढायला हवा. जखम हाडापर्यंत गेली का, हे सळईसारख्या निर्जंतुक उपकरणाने आणि एक्स-रेने पाहायला हवं. पायात रक्त किती पोहोचतं हे मोजायलाच हवं. पायाच्या पाठीवरची आणि घोट्याच्या आतल्या बाजूची नाडी हाताने तपासतात, मग घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब मोजून त्यांचं गुणोत्तर काढतात. ०.९ च्या खाली आलं तर रक्तपुरवठा कमी आहे. पण मधुमेहात रक्तवाहिन्यांच्या भिंतींत कॅल्शियम साचून त्या कडक होतात आणि आकडा खोटाच चांगला येतो. अशा वेळी पायाच्या अंगठ्यातला रक्तदाब मोजून घ्यावा. तो ३० मिलिमीटरच्या खाली असेल तर रक्तवाहिन्यांच्या सर्जनला तातडीने दाखवायला हवं, कारण रक्तच पोहोचत नसेल तर कोणतंही मलम जखम भरू शकत नाही. बोट किंवा पाय कापायचा सल्ला मिळाला, तर जीवघेणा संसर्ग पसरत नसल्यास आधी विचारा: रक्तपुरवठा तपासला का, तो सुधारता येईल का.

आणि भार काढणं. तळव्यावरची जखम न भरण्याचं सर्वांत नेहमीचं कारण म्हणजे माणूस तिच्यावर चालत राहतो. दिवसातून चार वेळा संडासापर्यंत गेलं तरी प्रत्येक पावलाला ताजी पेशी चिरडली जाते. रक्तपुरवठा चांगला असेल आणि संसर्ग आटोक्यात असेल तर गुडघ्यापर्यंतचं, काढता न येणारं प्लास्टर हा यावरचा सर्वांत परिणामकारक उपाय आहे. काढता येणारा बूट लोक घरात काढून ठेवतात आणि तिथेच हरतात. प्लास्टर शक्य नसेल तर जखमेच्या जागी खाच ठेवलेली फेल्टची जाड गादी, कुबड्या, व्हीलचेअर, जे जमेल ते, पण भार जायलाच हवा. योग्य उपचारांत चार आठवड्यांत जखमेचं क्षेत्रफळ साधारण निम्मं व्हायला हवं. झालं नाही तर मलम बदलण्यापेक्षा रक्त, हाडातला संसर्ग आणि भार या तीन गोष्टी पुन्हा तपासा.

जखम नसताना एक पाय अचानक लाल, गरम, सुजलेला झाला आणि फारसा दुखत नसेल, तर शार्को फूट नावाची अवस्था मनात आणायला हवी. यात पावलाची हाडं आणि सांधे आतून मोडायला लागतात. सुरुवातीचा एक्स-रे साफ येऊ शकतो, म्हणून मुरगळलं, गाऊट आहे, संसर्ग आहे असं समजून आठवडे वाया जातात आणि तेवढ्यात तळव्याची कमान कोसळते. शंका आली त्याच दिवसापासून पाय जमिनीला टेकवणं बंद करा आणि प्लास्टरबद्दल विचारा.

किती वेळा तपासायचं

संवेदना आणि रक्तपुरवठा दोन्ही ठीक असतील तर वर्षातून एकदा. यांपैकी एक बिघडलं असेल तर सहा ते बारा महिन्यांनी. दोन्ही बिघडलेले असतील, किंवा एकाच्या जोडीला पायाचा आकार बदललेला असेल तर तीन ते सहा महिन्यांनी. पूर्वी जखम किंवा बोट काढण्याची शस्त्रक्रिया झाली असेल आणि संवेदना किंवा रक्तपुरवठा कमी असेल तर एक ते तीन महिन्यांनी. ही शेवटची सूचना सर्वांत जास्त मोडली जाते. जखम भरली की लोक जुन्या चपलेकडे परततात, आणि बऱ्या झालेल्यांपैकी सुमारे ४० टक्क्यांना वर्षभरात पुन्हा जखम होते. भरलेल्या जागेची कातडी वरून चांगली दिसली तरी मूळ कातडीइतकी मजबूत नसते.

तपासणीला जाताना रोज वापरता ती चप्पल, बूट आणि घरातली जोडी अशा सगळ्या जोड्या पिशवीत घालून न्या. बसल्यावर न सांगता दोन्ही मोजे काढा आणि पाय वर ठेवा, म्हणजे घाईच्या ओपीडीतही ते बघितले जातील.